संख्यामालिका: पुढचं पद येतं, पण क्ष व्या पदाचा नियम कसा काढायचा?

प्रश्न: आदिपद

आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मुलांची संख्यामालिकांची तयारी चालू आहे. ‘पुढचं पद कोणतं’ इथपर्यंत मुलं नीट पोचतात: फरक काढला, मिळवला, उत्तर आलं. पण ‘शंभरावं पद काढा’ किंवा ‘क्रमांक दिला की पद देणारा नियम लिहा’ म्हटलं की अडतात. क्रमांकाला क्ष आणि पदाला य म्हणते आहे. अडणारे नमुने असे:

१) ७, ११, १५, १९ … फरक ४ मिळतो, पण नियम म्हणून ४क्ष + ७ लिहितात.

२) तक्ता दिला आहे. क्ष = २, ५, ९, १० आणि य = ७, १६, २८, ३१. फरक ९, १२, ३ येतात, म्हणून ‘यात नियमच नाही’ म्हणतात.

३) ३, ८, १५, २४, ३५ … फरक ५, ७, ९, ११. पुढचं पद ४८ बरोबर सांगतात, नियम सांगता येत नाही.

४) आगकाड्यांचा मोठा त्रिकोण, आत छोटे त्रिकोण. एक ओळ असेल तर ३ काड्या, मग ९, १८, ३०, ४५.

५) ५, ११, २३, ४७, ९५ … इथे फरकांचे फरक कितीही काढले तरी ते स्थिर होत नाहीत.

या सगळ्यांना लागू पडेल असा ठरावीक क्रम आहे का, की प्रत्येक मालिकेला वेगळी युक्ती?

---

उत्तर १: चयगच्छ

क्रम आहे. पहिली सवय अशी लावा की मालिका कधीच एकटी लिहायची नाही. वरच्या ओळीत क्रमांक, खालच्या ओळीत पदं. मुलं फरक काढतात तेव्हा एका पदाचा शेजारच्या पदाशी संबंध शोधत असतात. नियम मागितला की संबंध हवा असतो पदाचा आणि त्याच्या क्रमांकाचा. वरची ओळ लिहिलेलीच नसेल तर तो दिसणार कुठून?

पहिली मालिका:

क्ष: १, २, ३, ४
य: ७, ११, १५, १९

फरक सारखा ४ आहे, म्हणून खाली तिसरी ओळ लिहा, ४ च्या पाढ्याची: ४, ८, १२, १६. आता दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून बघा. प्रत्येक पद पाढ्यापेक्षा ३ ने मोठं आहे. नियम ४क्ष + ३, शंभरावं पद ४०३. उतरत्या मालिकेलाही हेच चालतं. ५०, ४७, ४४ … इथे पाढा −३ चा: −३, −६, −९. प्रत्येक पद त्याहून ५३ ने मोठं, म्हणून ५३ − ३क्ष.

४क्ष + ७ का चुकतं हे मुलांना मोजून दाखवा. पहिल्या पदात ४ एकदाही मिळवलेला नाही. दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात दोनदा, शंभराव्यात ९९ वेळा. म्हणजे ७ + ४(क्ष − १), आणि कंस सोडवला की ४क्ष + ३. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) श्रेढीव्यवहारात, म्हणजे मालिकांच्या प्रकरणात, हेच आहे. पहिल्या पदाला आदि किंवा मुख, फरकाला चय, पदांच्या संख्येला गच्छ किंवा पद म्हटलं आहे. शेवटचं पद काढायला चयाला ‘व्येक पदा’ने, म्हणजे पदसंख्येतून एक वजा करून आलेल्या संख्येने, गुणायचं आणि त्यात मुख मिळवायचं. ‘व्येक’ हा शब्द फळ्यावर लिहून ठेवा. मुलांची चूक नेमकी त्या एका वजाबाकीची आहे.

नियम मिळाला की उलटा प्रश्नही लगेच विचारा: २५० हे या मालिकेत येईल का? २५० − ३ = २४७, आणि २४७ ला ४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून नाही.

दुसऱ्या नमुन्यात नियम आहे, पण क्रमांक एकेक पावलाने वाढत नाहीत. २ वरून ५ वर जाताना तीन पावलं झाली आणि य वाढला ९ ने. ५ वरून ९ म्हणजे चार पावलं, वाढ १२. ९ वरून १० म्हणजे एक पाऊल, वाढ ३. दर पावलाला प्रत्येक वेळी ३. म्हणून ३क्ष. मग ३ × २ = ६, पण हवे आहेत ७, म्हणून ३क्ष + १. उरलेल्या जोड्यांवर ताळा: १६, २८, ३१. तिन्ही जुळतात. फरकाला क्रमांकांमधल्या अंतराने भागायचं, एवढंच मुलांकडून राहून जातं.

नियम म्हणजे क्ष आत टाकला की य बाहेर देणारं यंत्र समजा. त्याच्या पायऱ्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हेही इथेच सांगून टाका. ‘तिप्पट करून एक मिळव’ म्हटलं तर २ चे ७ होतात. ‘एक मिळवून तिप्पट कर’ म्हटलं तर ९. आणि य वरून क्ष काढताना पायऱ्या उलट्या क्रमाने उलगडायच्या: ३१ मधून आधी १ काढा, मग ३ ने भागा. आधी भागायला घेतलं तर अपूर्णांक येतो आणि मुलं गणितच चुकीचं ठरवून मोकळी होतात.

---

उत्तर २: त्रिकोणसंख्या

३ आणि ४ वर लिहितो. हे दोन्ही वर्गाचे नियम आहेत.

पहिले फरक समान नसतील तर फरकांचे फरक काढा. ३, ८, १५, २४, ३५ चे पहिले फरक ५, ७, ९, ११ आणि दुसरे फरक २, २, २. दुसरा फरक स्थिर आला की नियमात क्ष² असतो, आणि त्याचा सहगुणक म्हणजे दुसऱ्या फरकाचा निम्मा. निम्मा का, ते वर्गसंख्यांवरच दाखवा. १, ४, ९, १६, २५ चे फरक ३, ५, ७, ९ आणि त्यांचे फरक २, २, २. म्हणजे एका क्ष² मुळे दुसऱ्या फरकात २ येतात. पाठ करून घेण्यापेक्षा मुलांनी हे एकदा स्वतः मांडलेलं बरं.

इथे दुसरा फरक २, म्हणून सहगुणक १. आता प्रत्येक पदातून क्ष² वजा करा:

३ − १ = २
८ − ४ = ४
१५ − ९ = ६
२४ − १६ = ८

उरली २, ४, ६, ८, म्हणजे २क्ष. नियम क्ष² + २क्ष. याला क्ष(क्ष + २) किंवा (क्ष + १)² − १ असंही लिहिता येतं. ‘वर्गसंख्येपेक्षा एक कमी’ असं ज्याला थेट दिसेल त्याने तसं लिहावं, पण न दिसणाऱ्यालाही तक्ता तिथेच नेऊन सोडतो.

काड्यांच्या त्रिकोणात ३, ९, १८, ३०, ४५. पहिले फरक ६, ९, १२, १५ आणि दुसरे ३, ३, ३. निम्मा १.५. मुलं इथेच थांबतात, कारण काड्या अर्ध्या कशा असतील? तरी पुढे जाऊ द्या. १.५क्ष² म्हणजे १.५, ६, १३.५, २४. पदांमधून वजा केले की १.५, ३, ४.५, ६ उरतात, म्हणजे १.५क्ष. नियम १.५क्ष² + १.५क्ष, म्हणजेच ३ × क्ष(क्ष + १) ÷ २. क्ष आणि क्ष + १ यांपैकी एक सम असतोच, म्हणून उत्तर नेहमी पूर्णांकच येतं.

या नियमाचं कारण आकृतीतच आहे, आणि माझ्या मते शिकवण्याची खरी जागा ती आहे. टोक वर असलेले छोटे त्रिकोण मोजा: पहिल्या ओळीत १, दुसरीत २, तिसरीत ३. टोक खाली असलेल्या त्रिकोणांना स्वतःची एकही काडी लागत नाही, त्यांच्या तिन्ही बाजू शेजाऱ्यांच्याच असतात. म्हणून एकूण काड्या म्हणजे टोक वर असलेल्या त्रिकोणांच्या तिप्पट, आणि ते त्रिकोण १, ३, ६, १० अशा त्रिकोणी संख्येने वाढतात. नियम तक्त्यातून आला होता, आता तो सिद्धही झाला.

घनाच्या मालिकेला तिसरा फरक स्थिर येतो, आणि सहगुणक मिळवायला त्याला ६ ने भागायचं. २, ९, २८, ६५, १२६ चे तिसरे फरक ६, ६. क्ष³ वजा केला की प्रत्येक वेळी १ उरतो, म्हणून क्ष³ + १.

---

आदिपद

१.५ चा अडथळा सुटला, आभार. याच धर्तीवर ‘मालिकेतील चुकीचे पद ओळखा’ असेही प्रश्न असतात. तिथे तक्ता सगळाच बिघडलेला दिसतो. उदा. ३, ८, १५, २५, ३५, ४८, ६३.

---

उत्तर ३: त्रिकोणसंख्या

तक्ता बिघडतो तोही शिस्तीत बिघडतो. तुमच्या उदाहरणात:

पहिले फरक: ५, ७, १०, १०, १३, १५
दुसरे फरक: २, ३, ०, ३, २

एका पदात १ जास्त पडला की दुसऱ्या फरकांच्या ओळीत त्याचे पडसाद +१, −२, +१ असे उमटतात. मुळात सगळे २ असायला हवे होते, त्याचे झाले ३, ०, ३. बिघाडाचा मध्य जिथे आहे त्याच्या बरोबर वरचं पद चुकीचं. इथे मध्य ० आहे, तो १५, २५, ३५ या तीन पदांपासून बनला, त्यातलं मधलं २५. चूक कितीची हेही कळतं: मध्य २ वरून ० वर उतरला, म्हणजे −२. त्याला −२ ने भागलं की +१. पद २४ हवं.

याला एक अट आहे. चुकीच्या पदाच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पदं हवीत. टोकाचं पद चुकीचं असेल तर बिघाडाचा तुकडाच दिसतो. शेवटच्या ६३ च्या जागी ६४ असते तर दुसरे फरक २, २, २, २, ३ आले असते.

मुलांच्या वहीतही हे वापरा. दुसऱ्या फरकात असा डोंगर-दरीचा आकार दिसला तर मालिका अवघड असण्यापेक्षा वजाबाकी चुकली असण्याची किंवा पद उतरवताना अंक चुकल्याची शक्यता जास्त.

---

उत्तर ४: मात्रावृत्त

५ व्या नमुन्याबद्दल. ५, ११, २३, ४७, ९५ चे फरक ६, १२, २४, ४८. पुन्हा फरक काढले तरी ६, १२, २४ च येतात. फरक स्थिर न होता स्वतःचीच नक्कल करू लागले की तक्ता थांबवायचा आणि फरकांचा भागाकार करायचा. १२ ÷ ६ = २, २४ ÷ १२ = २. म्हणजे प्रत्येक पदाला २ ने गुणलं जातं आहे आणि वर काहीतरी मिळवलं जातं आहे. ५ × २ = १०, हवे ११, म्हणून ‘दुप्पट अधिक १’.

मात्र हा नियम मागच्या पदावर टेकलेला आहे. शंभरावं पद हवं तर आधीची ९९ काढावी लागतील. क्रमांकावरून थेट पद देणारा नियम हवा तर अशी संख्या शोधा जी यंत्रात टाकली तर तशीच बाहेर येते. क्ष ऐवजी तिला स म्हणू: स = २स + १, म्हणून स = −१. आता प्रत्येक पदातून −१ वजा करा, म्हणजेच १ मिळवा: ६, १२, २४, ४८, ९६. ही निव्वळ दुपटीची मालिका झाली, ३ × २^क्ष. मिळवलेला १ परत काढला की नियम ३ × २^क्ष − १. ताळा: क्ष = ५ ला ३ × ३२ − १ = ९५.

सरावाला दुसरी घ्या: ४, १०, २८, ८२, २४४. फरक ६, १८, ५४, १६२, भागाकार ३. ४ × ३ = १२, हवे १०, म्हणून ‘तिप्पट वजा २’. स = ३स − २, स = १. पदांमधून १ वजा केला की ३, ९, २७, ८१, २४३. नियम ३^क्ष + १.

चूक बहुतेक इथे होते: मुलं पदांचाच भागाकार करतात. ११ ÷ ५ = २.२, २३ ÷ ११ म्हणजे सुमारे २.०९, आणि मग ‘गुणोत्तर समान नाही’ म्हणून सोडून देतात. मिळवलेला १ त्या भागाकारात मिसळलेला असतो. फरक काढताना तो उडून जातो, म्हणून भागाकार फरकांचाच करायचा.

फरकात मूळ मालिकाच जागा सरकवून परत दिसली तर ती वेगळी जात. १, २, ३, ५, ८, १३ चे फरक १, १, २, ३, ५. याचा अर्थ प्रत्येक पद मागच्या दोघांची बेरीज आहे. व्याकरणाच्या तासाला मुलं लघु-गुरू शिकलेली असतात, तेच इथे कामाला आणा. लघूची १ मात्रा, गुरूच्या २. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? गुगु, गुलल, लगुल, ललगु, लललल, असे पाच. शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या तीन मात्रा भरायच्या (३ प्रकार), गुरू असेल तर आधीच्या दोन (२ प्रकार), म्हणून ३ + २. मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी हा नियम दिला, फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाच्या आधी.

फरक एकदा धन, एकदा ऋण असे उड्या मारत असतील (३, ५०, ६, ४५, १२, ४०, २४ …) तर बहुधा दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या असतात. विषम क्रमांकाची पदं वेगळी, सम क्रमांकाची वेगळी लिहा: ३, ६, १२, २४ आणि ५०, ४५, ४०. पुढचं पद ३५.

---

आदिपद

एक शेवटची शंका. १, २, ४, ८, १६ नंतर एका सरावसंचात उत्तर ३१ दिलं आहे. छपाईची चूक समजायची का?

---

उत्तर ५: चयगच्छ

प्रश्नासोबत वर्तुळाची आकृती होती का ते बघा. असेल तर ३१ बरोबर आहे. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडायचा आणि आतले भाग मोजायचे. १ बिंदू असताना १ भाग, मग २, ४, ८, १६ आणि ६ बिंदूंना ३१. बिंदू ७ केले तर ५७. कारण असं: सुरुवातीला वर्तुळ हा एक भाग. प्रत्येक नवी रेषा एक भाग वाढवते, आणि रेषांचा प्रत्येक छेदनबिंदू आणखी एक. रेषा ठरवायला दोन बिंदू लागतात, आतला छेदनबिंदू ठरवायला चार. म्हणून भाग = १ + (दोन बिंदूंच्या निवडी) + (चार बिंदूंच्या निवडी). ६ बिंदूंना १ + १५ + १५ = ३१. आकृतीच नसेल आणि फक्त आकडे असतील तर ३२ हे उत्तर स्वाभाविक, आणि ३१ मागणारा प्रश्न अन्यायाचा आहे.

फरकाच्या तक्त्याची मर्यादा इथे उघडी पडते. १, २, ४, ८, १६ चा तक्ता मांडा: पहिले फरक १, २, ४, ८, दुसरे १, २, ४, तिसरे १, २, चौथा १. चौथ्या ओळीत एकच आकडा उरला, आणि एकटा आकडा ‘स्थिर’ आहे असं म्हणायला कोणीच अडवत नाही. तो स्थिर मानून वर चढत गेलात तर ३१ च येतात. पाच पदांची कोणतीही मालिका, अगदी डोळे मिटून लिहिलेली, चौथ्या फरकाला एका आकड्यावर येऊन थांबते. म्हणून स्थिर ओळीत किमान तीन समान आकडे दिसल्याशिवाय नियम लिहायचा नाही, दोनवर भागवायचं असेल तर तो नियम एका न वापरलेल्या पदावर तपासायचा. वर्गाच्या नियमाला त्यासाठी पाच पदं लागतात, घनाला सहा. वर घनाचं उदाहरण पाच पदांचं होतं, त्यात तिसऱ्या फरकाला दोनच आकडे आले. तिथे २१७ हे सहावं पद ताळ्याला घ्यावं.

तीन समान आकडेही पुरावा नव्हेत, पुष्टी आहे. १² = १, ११² = १२१, १११² = १२३२१, ही माळ नऊ वेळा १ लिहिलेल्या संख्येपर्यंत तंतोतंत चालते: १११११११११² = १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी ज्या डेम्लो संख्यांचा अभ्यास केला त्यांच्यातल्याच या. दहा वेळा १ घेतला की वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्थानी दहाची बेरीज होते आणि हातचा डावीकडे जातो, म्हणून अंकांचा देखणा क्रम मोडतो. ((१०^क्ष − १) ÷ ९)² हा नियम मात्र दहालाही खरा असतो आणि शंभरालाही. मुलांनी पहिल्या नऊ ओळी कराव्यात, दहाव्या ओळीचा अंदाज आधी लिहावा आणि मग हाताने गुणून पाहावा.

वर्तुळाची आकृती काढायला देताना एक काळजी घ्या: सहा बिंदू समान अंतरावर काढायला सांगू नका. सुसम षटकोनाचे तिन्ही लांब कर्ण मध्यबिंदूतूनच जातात, तिथे तीन छेदनबिंदूंचा एक होतो आणि मधला छोटा त्रिकोण नाहीसा होतो. मोजणी ३० येते, आणि मुलं ३१ चुकीचे म्हणतील. बिंदू वेडेवाकडे घ्यायला सांगा, टोकदार पेन्सिलीने, वर्तुळाची त्रिज्या किमान ६ सेंटिमीटर ठेवून. म्हणजे मधला बारका भाग डोळ्यांना दिसतो.